सात माणसांच्या स्प्रिंगा

शनिवार, संध्याकाळ

यांनी सेकंडहँड घेतलेली सातजणांची गाडी, हे गेल्यापासून मीच चालवते. एकटीच. ब्रेक दाबला की पार तळाला जायचा आणि गाडी मागच्या बाजूने खाली बसली होती, म्हणून दोन्ही कामं करून घेतली. गॅरेजला टाकताना गव्हाणच्या सदू मेकॅनिकने विचारलं होतं, "काकी, गाडीत किती मानसं बसतात?" मी म्हटलं, सात. का म्हटलं कोण जाणे. सासूबाई गेल्या, हे गेले, मुलं बंगळुरूला. तरी तोंडातून सातच आलं. त्याने त्या हिशोबाने मागे कडक स्प्रिंगा टाकल्या.

आता रिकामी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर उडते. आज परत नेऊन दाखवली, तर सदू म्हणतो, "काय बिघडलं नाय काकी. मागं वजन नाय, म्हनून उडते. मानसं बसवा, गप बसंल."

मी बरं म्हणून निघाले. खरं सांगायला काय झालं होतं? नरम स्प्रिंगा टाक, मी एकटीच असते, एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हणवलं. सात म्हणताना मात्र जीभ अडखळली नाही.

ब्रेक चांगले लागतात, हे खरं. येताना उरण रोडला रिक्षा आडवी आली आणि गाडी जागीच थांबली. माझा डावा हात आपोआप शेजारच्या सीटपुढे गेला. कधी मी चालवायला घेतली की हे शेजारी पट्टा न लावताच बसायचे, तेव्हा जायचा तसाच. रिक्षा निघून गेली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हात तिथेच होता.