आईचा सरळ फोटो

मी, दशरथ भिकाजी मेस्त्री, वय ६८, धंदा पूर्वी फोटोग्राफी, आता काही नाही, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने लिहीत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. वकील ऋतिकाताईंनी मात्र "काका, आटोपशीर लिहा" असं दोनदा बजावलं आहे.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझी एकुलती एक मुलगी जान्हवी हिला मिळावी. पत्नी हयात नाही, दुसरा वारस नाही, तेव्हा वाद नाही.

कलम २. स्टुडिओतले दिवे, निळा पडदा आणि स्टूल ज्याला हवं त्याने न्यावं. स्टूल डुगडुगतं, हे आधी सांगावं.

कलम ३. ट्रंकेतले घरच्यांचे सगळे फोटो व निगेटिव्ह जान्हवीला. घाटकोपरच्या स्टुडिओत मी तीस वर्षं "हनुवटी खाली, इकडे बघा" म्हणत पासपोर्टचे फोटो काढले. त्याचा इतका वीट आला की घरी कोणालाही "इकडे बघ" म्हणायचं नाही, असं ठरवलं. आई मासे साफ करतेय, दादा बनियनवर पेपर वाचतोय, जान्हवी शाळेत जायचं नाही म्हणून दार धरून रडतेय, असेच फोटो काढले. कोणी कॅमेऱ्याकडे बघितलं की तो फोटो बाद. यातला कुठलाही छापायचा तर आधी त्यातल्या माणसाला विचारावं. 'चाळीतलं जीवन' असलं नाव देऊन प्रदर्शन मांडू नये. आम्ही जीवनबिवन जगत नव्हतो, घरी होतो.

कलम ४. माझे मोठे भाऊ दत्ताराम, राहणार घाटकोपर, यांच्याविषयी. आई २०१४ साली वारली. बाराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून ट्रंक उपसली. आई पाठमोरी, आई वाकलेली, आई पदराने तोंड पुसताना. समोर बघणारी आई एकाही फोटोत नाही. दादा चार लोकांत ओरडला, "अख्ख्या घाटकोपरचे पासपोर्ट काढलंस आणि आवशीचो एक सरळ फोटो नाय तुझ्याकडे?" शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. तो धुरकट आला. त्यात आई कोणी भलतीच दिसते. दादाच्या भिंतीवर तोच आहे आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

आता खरं लिहितो. महिन्याभराने बाद निगेटिव्हच्या डब्यात एक सापडली. आई तांदूळ निवडता निवडता थेट माझ्याकडे बघून हसतेय. पाकिटावर मीच फुली मारली होती. दादाला तेव्हाच द्यायला हवी होती. पण आधी त्याने माफी मागावी, ही माझी अढी. अकरा वर्षं आईचा चेहरा मी डब्यात कोंडला आणि भावाला भलत्याच बाईला हार घालायला लावला. याची मला लाज वाटते. ती निगेटिव्ह व तिचा मोठा फोटो माझ्या मृत्यूनंतर दत्ताराम यांना द्यावा.

दुरुस्ती. वरचा मसुदा वाचून ऋतिकाताईंनी विचारलं, "काका, दत्तारामकाका पंचाहत्तर वर्षांचे. ते आधी गेले तर?"

हे मला सुचलंच नव्हतं. परवा रविवारी मोठा फोटो आणि ती निगेटिव्ह घेऊन घाटकोपरला गेलो. दादाने फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. "इतकी वर्सां खंय होती ही?"

मी सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "फोन करूक काय झाला होता तुका?" रडू आलं, दोघांनाही.

सबब कलम ४ मधली देणगी रद्द समजावी. वस्तू पोचली आहे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं ऋतिकाताई सांगतात. दादाला आता यातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: मुलुंड पूर्व
दिनांक: १८ मार्च २०२५

मृत्युपत्र करणार: दशरथ भिकाजी मेस्त्री (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. चंद्रप्रकाश तावडे, शेजारी (सही)
२. दत्ताराम भिकाजी मेस्त्री, सख्खा भाऊ (सही)