दहाचा पाना

५ ऑक्टोबर, रविवार
दहाचा पाना नाही! बॅटरीचं टर्मिनल सोडवायला बसलो, बॉनेट उघडं, हात काळे — आणि पाना गायब. डिकी पाहिली, सीटखाली चाचपलं, स्वयंपाकघरातली कपाटंसुद्धा उपसली. अपर्णा जळगावला, भावाकडे. फोनवर म्हणते, "तुमच्याच हाताने कुठेतरी ठेवला असेल." माझ्याच हाताने! तीस वर्षं बँकेच्या किल्ल्या सांभाळल्या मी.

मागच्या रविवारी शेजारचा धुडकू ब्रेक बघायला आला होता. कारखान्यात यंत्रमागांवरचा फिटर. पाना त्याच्याच हातात होता. उगाच संशय घेऊ नये, पण...

६ ऑक्टोबर
बोललो एकदाचं. त्याच्या ओट्यावर, चारचौघांत. "चुकून तुमच्या पेटीत गेला असेल, बघा जरा." 'चुकून' असं काही म्हटलं की सगळ्यांना कळलं.

"नही दादा, मी नही लिधा." आणि त्याने पेटीच पालथी केली. एकेक हत्यार ओट्यावर मांडलं. प्रत्येकाच्या दांड्यावर छिन्नीने कोरलेलं 'धु' — कारखान्यात अदलाबदल होते म्हणून. आठ, नऊ, अकरा, बारा. दहाचा नाही!

"नेमका दहाचाच नाही?" मी म्हणालो.

"एक जणाले दिधा व्हता."

"कुणाला?"

तो हत्यारं पेटीत परत भरू लागला. त्याची बायको सुंदरा दारातच उभी होती. मी मोठा मुद्दा जिंकल्यासारखा घरी आलो.

९ ऑक्टोबर
सुंदराबाई जिन्यात भेटल्या. "दिवाळीले आम्ही बसनी जाऊत, दादा." दरवर्षी गावी, अमळनेरला, दोन्ही घरं माझ्याच गाडीने जातो. वाटेत नवापूरला चहा, धुडकूची बडबड. बरं, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१२ ऑक्टोबर
नवा पाना आणला. काम पाच मिनिटांत झालं. बरं काही वाटलं नाही.

१६ ऑक्टोबर
लिहायलाही लाज वाटते.

अपर्णा आली आणि साफसफाईला लागली. देवघराखालच्या कप्प्यातून लाल कापडाची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. कात्री, सुरी, पाना. खंडेनवमीला मीच मांडली होती हत्यारं. हळदकुंकू मीच वाहिलं. 'पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं' — हे ऐटीत सांगणाराही मीच! दसरा झाल्यावर गुंडाळून आत ठेवली, तीही मीच. आणि तीन दिवसांत विसरलो. तीन दिवसांत!

अपर्णाला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "त्या माणसाने पेटी उलटी केली तुमच्यासमोर?"

'सीटखाली सापडला' असं सांगावं का, हेही मनात येऊन गेलं. काय माणूस आहे मी! संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत गेलो. आत त्याचा आवाज आला. परत फिरलो.

१७ ऑक्टोबर
सकाळी पाना साबणाने घासला. न्यायचा तर निदान स्वच्छ दाखवावा म्हणून. वाळलेलं कुंकू निघालं, त्याखालचा जुना काळा मळही.

खाली कोरलेलं होतं — धु.

गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडून मागून आणला होता मी, आणि माझाच समजून बसलो. चारचौघांत त्याने माझं नाव घेतलं नाही.