एका चिमटीत एकोणीस गुंठे

२० नोव्हेंबर

आला! पुण्याहून रिपोर्ट आला! नमुना क्रमांक सतरा — एका ग्रॅमला एकोणीसशे बारा चौरस मीटर! शिवशंकर सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, हे आपल्याच बाटलीचं आहे ना?" सहा वर्षांत गाईडनं केलेलं हे पहिलं कौतुक. मी तरी कौतुकच समजले.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, जाळून कोळसा करायचा आणि त्या कोळशात वीज साठवायची, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. कोळशाला आतून जितकी बारीक भोकं, तितकी विजेला बसायला जागा. आधीच्या सोळा बाटल्या चारशेच्या वर सरकल्या नाहीत. आणि ही सतरावी! घरी येऊन सासूबाईंना — आत्यांना — गुंठ्यांत सांगितलं, म्हणजे नीट कळेल. "आत्या, एका चिमटीत एकोणीस गुंठे जागा निघाली." त्या राखुंडीनं दात घासत होत्या. बोट न काढताच म्हणाल्या, "सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

युवराज खांबावरून उतरून जेवायला आला. वायरमनची बायको मी. म्हणाला, "बायको वीज साठवणार, नवरा वीज तोडणार. बरोब्बर चाललाय संसार." पण दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं. खूश होता.

२१ नोव्हेंबर

पेढे वाटले. सर म्हणाले, "आधी परत एकदा करून तर बघायचं होतं." पेढा खाऊन मग म्हणाले.

२५ नोव्हेंबर

परत केलं. त्याच शेतातली पऱ्हाटी, तीच भट्टी, तेच तापमान, तितकाच वेळ. मग निळ्या पाण्याची परीक्षा. निळा रंग घातलेल्या पाण्यात चिमूटभर पूड टाकून हलवायचं. कोळसा चांगला असला तर रंग गिळून टाकतो, पाणी नितळ होतं. सतराव्या बाटलीत तळाला उरलेली चिमूट टाकली — डोळ्यादेखत नितळ! नवी टाकली — निळं. पाऊण तास हलवत उभी राहिले. आमचे लॅबचे हरिबा म्हणाले, "मॅडम, आता हात तरी बदला."

२९ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा. निळंच.

सर म्हणाले, "एकदाच येतो त्याला शोध म्हणत नाहीत मॅडम, पाहुणा म्हणतात." बोलायला काय जातंय! एकतीस डिसेंबरला माझी नोंदणी संपते. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली, तिसरी मिळत नाही. बावीस तारखेला समिती बसणार. तिच्यापुढं पद्धत मांडायची — अशी, की कुणीही तशीच केली तरी तेच निघालं पाहिजे. नाही जमलं तर सहा वर्षं पाण्यात, आणि तासिकेवरची ही नोकरीसुद्धा. पुढच्या वर्षी पीएच.डी.वाल्यालाच घेणार, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलंय.

हरिबांनी भट्टीला नारळ फोडायचं सुचवलं. मी रागावले. मग हळूच विचारलं, कोणत्या वारी फोडतात.

३ डिसेंबर, रविवार

आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

रविवारी आमच्या ओट्यावर बायका असतातच. कुणाची दाढ, कुणाची हिरडी. आत्या घरी केलेली राखुंडी आपल्या बोटानं लावतात, वर एक पुडी बांधून देतात. घाटनांदूरपासून येतात बायका. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तर रांग लागते — फडावर कुठला आलाय दातांचा डॉक्टर! "जानकीबाईचा हातगुण लई" असं सगळं शिवार म्हणतं.

बायका गेल्या. मी स्वयंपाकघरात कणीक मळत रडत होते. चौथ्यांदाही निळंच आलं होतं काल. आत्या आल्या, उंबऱ्यात बसल्या.

"सुरेखा, एक सांगते. वरडू नगंस."

"काय?"

"तुझी ती सतरावी बाटली... घट बसायच्या आदल्या दिशी जाळी काढताना माझ्या हातनं पडली. समदी सांडली. तू आल्यावर काय म्हणशील म्हून..."

"म्हणून काय?"

"तुझी काळी, माझी बी काळी. भरून ठिवली माझ्या डब्यातली."

मी मळत्या हातांनी खाली बसले. घरी मीच आणल्या होत्या बाटल्या, खलबत्त्यात कुटायला, कॉलेजचं दळायचं यंत्र बंद म्हणून. मग पुण्याच्या मशीनवर काय मोजलं गेलं? आत्यांची राखुंडी! एकोणीस गुंठे आत्यांच्या दातांवर रोज सकाळी!

मी हसायला लागले ते थांबेचना. आत्या घाबरल्या, युवराजला हाक मारली. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी घरात कोळशाचे दोन कारखाने, अन् चालतोय आईचा."

मग मी डोळे पुसून वही आणली. "आत्या, कशी करता ती सांगा." माझं काम झालंच, असं वाटलं मला. आत्यांनी मान हलवली.

"न्हाई. सांगितली की गुण जातो."

"कुणाचा?"

"सांगणाऱ्याच्या हाताचा. माझ्या सासूनं मला दिली, अन् त्या दिसापासून तिनं कुणाच्या दाढंला हात लावला न्हाई. गुणच येत नसतो मंग. आन् तू तर छापून काढणार. न्हाई बाई."

५ डिसेंबर

सरांना सांगितलं. सांगावंच लागलं, पाठवलेला आकडा खोटा ठरला असता. शेवटचं वाक्य संपेपर्यंत मी टेबलावरच्या डागाकडं बघत होते. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग —

"किती वर्षं घासतायत त्या?"

"पन्नास तरी."

"दात?"

"एक दाढ सोडली तर सगळे."

सरांनी आपल्या कवळीवरून जीभ फिरवली. म्हणाले, "मॅडम, पद्धत आणा. अन् जमलं तर एक पुडी."

८ डिसेंबर

कॉलेजला दांडी मारून आत्यांच्या मागे रानात गेले. चोरून. त्यांनी आधी तरवड तोडला. मग रुईची पानं. मग निवडुंगाचं एक बोंड, फडक्यात नीट गुंडाळून! मी बाभळीआडून सगळं टिपून घेतलं, दोन तास, अंगभर कुसळं. घरी आल्यावर आत्यांनी ते सगळं उकिरड्यावर टाकलं आणि मला म्हणाल्या, "लई चाललीस आज. पाय दुखत असतील, तेल लावू का?"

९ डिसेंबर

युवराज म्हणतो, कॅमेरा बसवू. त्याला म्हटलं, तू खांबावरच बरा.

११ डिसेंबर

आज चुकले मी. लई चुकले.

समितीला अकरा दिवस राहिले, डोकं ठिकाणावर नव्हतं. आत्यांना म्हणाले, "गुण कुणाच्या हातात नसतो हो, रसायनात असतो. तुम्ही लावा नाहीतर मी लावू, दाढेला काय कळतंय? हे सगळं खुळ्यांचं असतं." खुळ्यांचं! तोंडातून गेलं ते गेलंच.

आत्या भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंग रसायनालाच इचार."

१२ डिसेंबर

बोलत नाहीत. ताट वाढतात, पाणी देतात, बोलत नाहीत. एरवी दिवसातून दहादा टोमणे मारणारी बाई! माझ्या भाजीला "कालेजातली भाजी" म्हणायच्या. आज खारट केली मुद्दाम. गुपचूप खाल्ली त्यांनी.

युवराजला विचारलं, माफी कशी मागू? म्हणाला, "मला काय इचारतीस? मी आयुष्यभर नुसता मार खाल्लाय तिच्या हातचा."

१४ डिसेंबर

सकाळी अंगण झाडताना आत्या आल्या. हातात वाळवलेल्या बाभळीच्या शेंगांचं टोपलं.

"वही आन."

मी केरसुणी टाकून पळाले. वाटेत ठेच लागली. आत्या म्हणाल्या, "हिच्या हातात भट्टी देत्यात!" बोलल्या! मला तेवढ्यानंच रडू आलं.

दिवसभर सांगितलं, करून दाखवलं. शेंगा उन्हात कडक वाळवायच्या. आघाड्याची झाडं मुळासकट जाळून राख करायची, ती राख पाण्यात कालवून वरचं नितळ पाणी घ्यायचं, त्यात शेंगा तीन दिवस भिजत ठेवायच्या. मग गाडग्यात भरून, तोंड चिखलानं लिंपून, गोवऱ्यांच्या खड्ड्यात पुरून एक दिवस. काढल्यावर सात पाण्यांनी धुवायची. आघाड्याच्या राखेत पोटॅश असतं ढिगानं! कोळशाला भोकं पाडतं ते हेच. मी सहा वर्षं बाटलीतलं पोटॅश मोजून घालत होते आणि आत्या ते बांधावरून उपटून आणत होत्या.

"आत्या, राख एक मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हंजी मूठ."

तीनदा मोजली त्यांची मूठ. बेचाळीस ग्रॅम, त्रेचाळीस, बेचाळीस. माझी मोजली — तीस, अडतीस, सव्वीस. "शिकलेली मूठ," म्हणाल्या.

सगळं झाल्यावर वही दोनदा वाचून घेतली माझ्याकडून. एके ठिकाणी थांबवलं — "धुताना गरम पानी लिव्ह, थंड न्हाई." मी विचारलं, का हो सांगितलंत आता? म्हणाल्या, "तुझं तोंड बघवंना." आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

१७ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून दिवसभर कॉलेजात. तीन दिवस मुरलेल्या शेंगांचे तीन खड्डे हरिबांनी मैदानामागं पेटवून दिले. घरी यायला अंधार पडला. आत्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या.

१९ डिसेंबर

नितळ! पहिलं गाडगं — नितळ! दुसरं, तिसरं — नितळ! हरिबांनी स्वतः हलवून बघितलं, सरांनी हलवून बघितलं. सर चक्क टाळ्या वाजवत होते. मग कोळशाच्या दोन टिकल्या करून एक मिनिट वीज भरली, दिवा जोडला. लागला! चार मिनिटं लागून राहिला. आधीचे वीस सेकंदांत मान टाकायचे.

२२ डिसेंबर

झालं! मंजूर! समितीतल्या एकानं विचारलं, पद्धत कुणाची? म्हटलं, जानकीबाईंची, माझ्या सासूबाईंची, आणि प्रबंधात नाव तसंच राहणार. ते हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "लिहून घ्या."

या वेळी पेढे आधी आत्यांना. त्यांनी अर्धाच घेतला, तोही एका बाजूनं चावत. मी फोनवर फोन घेत होते.

२४ डिसेंबर, रविवार

सकाळी दोघी आल्या घाटनांदूरहून, एकीचा गाल बांधलेला. आत्यांनी पाणी दिलं आणि हात जोडले. "माझ्या हातचा गुण गेला आता. मागच्या रव्वारी बी समद्यांना परत धाडलं." त्या गेल्या. मला काहीच माहीत नव्हतं! मी आत्यांच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दिसलं, त्यांचाच गाल सुजलाय. पाच दिवस झाले म्हणे. डबा शेजारी, भरलेला.

"आत्या, राखुंडी का लावली नाही हो?"

"माझ्या हातानं काय उपेग? तू लाव."

आणि तोंड उघडून बसल्या. मी बोट डब्यात बुडवलं. गुण येऊ दे, म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.