एकोणीस वर्षांचा अनुभव

प्रिय ताई,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. कंपनीच्या वेबसाइटवर संस्थापकांची ओळख करून देणारं जे पान आहे, त्यासाठी नवे फोटो काढले आणि फोटोग्राफरने मला हाताची घडी घालायला लावली. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला! शाळेत निदान तोंडावर बोट तरी असायचं. इथे वर हसायचंही होतं. आम्ही तिघे घडी घालून ओळीने उभे. बघणाऱ्याला वाटावं, वर्गाची काच कोणी फोडली असं विचारलंय आणि एकही कार्टं कबूल होत नाहीये.

तू ते पान उघडलं नसशीलच, म्हणून सांगतो. पहिला आपला इंजिनिअर, माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात दोनदा आपटला म्हणूनच पुढे गेला, असं तू त्याच्या तोंडावर म्हणायचीस. त्याच्या फोटोखाली लिहिलंय, चौकातल्या कॅमेऱ्यांवरून गाड्या मोजण्याचं काम, आठ वर्षं. खरं आहे. दुसरा सल्लागार. मोठमोठ्या दुकानांना सल्ला देण्यात बारा वर्षं. हेही खरं, तो दुकानांत जायचा, पण टाय लावून, मालकाच्या केबिनपर्यंत. तिसरा मी, ‘भाषा व वर्गीकरण तज्ज्ञ’. म्हणजे अंगाचा साबण, कपड्यांचा साबण आणि भांड्यांचा साबण यांची गोत्रं वेगळी करणारा माजी संस्कृत मास्तर. आणि आम्हा तिघांच्या खाली, ठळक अक्षरांत, एक ओळ आहे: ‘दुकानाच्या काउंटरवरचा एकोणीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव.’ ताई, ती ओळ माझी आहे. म्हणजे लिहिलेली माझी. वर्षं तुझी.

तुझ्या स्वयंपाकघरातलं ते टेबल मला अजून दिसतं. तू सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसायचीस, समोर चहाच्या डब्यापासून काडेपेटीपर्यंत सगळं मांडायचीस, आणि वस्तू उचलून यंत्रासमोर धरून पिशवीत टाकताना काउंटरवाल्या बाईचा हात कसा फिरतो ते दाखवायचीस. इंजिनिअर वहीत उतरवून घ्यायचा. काउंटरवर डोक्यावरून नजर ठेवणारा कॅमेरा, जो चोरी ओळखेल, तो जन्मला त्या टेबलावर. तेव्हाच तू बजावलं होतंस की पाकिटावरचं रेघांचं लेबल चुरगळलं की यंत्र ते वाचत नाही. मागे रांग ओरडत असते. म्हणून प्रत्येक बाई त्याच मालाची चांगली लेबलं एका कागदावर चिकटवून काउंटरच्या कडेखाली ठेवते; यंत्राला ते लेबल दाखवते आणि पाकीट सरळ पिशवीत टाकते. पैसे पुरते जमा होतात, पण वरून बघणाऱ्याला वाटतं, पाकीट न दाखवताच गेलं. ‘एवढं विसरलात तर अर्ध्या जगाला चोर ठरवाल, बाबांनो,’ असं तू म्हणालीस. आम्ही हसलो. इंजिनिअरने ते ‘नंतर करायचं’ या यादीत घातलं.

मग कंपनीत पैसे घालणारे आले. आठवी पास बाई संस्थापक म्हणून बरी दिसत नाही, हे सल्लागाराने किती गोड शब्दांत सांगितलं! त्याला दोष देत नाही, कारण तोडगा माझा होता. बाई वगळू, वर्षं ठेवू, असं मी सुचवलं. कर्ता गाळून वाक्य करायला मी मुलांना उगाच का शिकवत होतो! तू फक्त ‘बरं’ म्हणालीस, डबा उचललास आणि गेलीस. ती यादी तिथेच राहिली. तुझ्यामागे तिच्यावरची धूळ झटकायला काउंटरवर उभं राहिलेलं कोणी उरलं नव्हतं.

आता बातमी. एका दुकानात काउंटरवर काम करणारी एक बाई, तिशीची असेल. आपल्या कॅमेऱ्याने अकरा महिन्यांत तिच्या बासष्ट चोऱ्या धरल्या. गिऱ्हाइकांसमोर तिची पिशवी उपडी केली, तिला कामावरून काढून घरी पाठवलं. आपलं यंत्र वापरणाऱ्या प्रत्येक दुकानाला असा अहवाल आपोआप जातो, त्यामुळे पुढच्या दोन दुकानांनी तिला दारातूनच परतवलं. मग ती आपल्या ऑफिसात आली. भांडायला नाही गं. तिने ते पान वाचलं होतं. दारातल्या मुलीला म्हणाली, ‘तुमच्यात ते एकोणीस वर्षं काउंटरवर होते ना, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू द्या. त्यांना लगेच कळेल.’

आम्ही सल्लागाराला पाठवलं. तिने पर्समधून लेबलं चिकटवलेला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट केला आणि विचारलं, ‘हे काय आहे?’ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी दारात उभा होतो. मला माहीत होतं ते काय आहे. असाच कागद तुझ्या काउंटरखाली मी कितीदा पाहिलाय. पण बोललो असतो तर ती वर्षं कोणाची हेही सांगावं लागलं असतं. मी घसा खाकरला, एवढंच. तिने कागदाची घडी घातली. ‘चुकीच्या जागी आले,’ म्हणाली आणि गेली.

आठव्या दिवशी तिने फरशी पुसायचं औषध प्यायलं. घसा जळलाय, बोलता येत नाही. मी हॉस्पिटलात गेलो, पण खोलीपर्यंत नाही. जिन्यापाशी तिचा भाऊ भेटला. मी कोण हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने सांगितलं की ती वहीवर एकच प्रश्न लिहिते आणि येईल त्याला दाखवते: मी काय चोरलं? डॉक्टर फारशी आशा देत नाहीत.

चौकशीची नोटीस आली आहे. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. सल्लागार म्हणाला, ‘सर, तुम्हीच लिहा, तुमच्या हातात जादू आहे.’ मी तीन मसुदे लिहिले. तिन्ही उत्तम होते, वाचणाऱ्याला आमचीच दया यावी इतके. तिन्ही फाडले. चौथ्यात तुझं नाव आहे, ती यादी आहे आणि दारात उभा राहिलेला मी आहे. तो टपालात पडला. आता कंपनीचं काय व्हायचं ते होवो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ताई, तू तिच्याकडे जा. तिचं नाव आणि हॉस्पिटलचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे; वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, भेटायची वेळ चार ते सहा. तिला एवढंच सांग की तूही तो कागद ठेवायचीस आणि त्यात चोरी नव्हती. मी गेलो तर काहीतरी सुंदर बोलेन, आणि तिला आता सुंदर काही नको आहे. तू मला क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. ते मागायचं तोंड नाही. मला एकच भीती आहे. तू पोचायच्या आत ती जाईल, आणि आपण चोर होतो असं समजून जाईल.

तुझाच,
तू शिकवलेलं सगळं वापरून तुलाच विसरलेला
धाकटा