मंगळवारचा केक गोठ्यात आहे

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. बब्रुवानने फ्रेंच पद्धतीचा केक का केला व तो कोठे नेला, याचे खरे निवेदन पुढे येत आहे. लेक वैष्णवीने ते आजीस मोठ्याने वाचून दाखवावे.

अंड्याचा पांढरा भाग साखरेसह फेसून, त्यात आपल्याच रानातील शेंगदाण्याचा कूट घालून बब्रुवानने काल सोमवारी तापल्या वाळूवर ताटली ठेवून तीत तीन चकत्या भाजल्या. आज सकाळी तो त्यांत गोड लोणी भरीत असता आई म्हणाली, "मंगळवारी घरात अंडं? देवीचा वार हाय. टाक उकिरड्यावर. अन् बायकोचा कसला वाढदिवस करायलास?"

बब्रुवान टाकणार नाही. लग्नास चौदा वर्षे झाली, दीपमालाचा वाढदिवस या घरात एकदाही झाला नाही. घराचा वार मोडू नये म्हणून केक रानातील गोठ्यात नेला आहे. तेथे दीपमाला तो आजच कापील. देवी कोपलीच तर तिने बब्रुवानवर कोपावे.

आईचा तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात राखला आहे, कारण हवेने थर मऊ पडतात. उद्या बुधवार आहे. उद्या आईने तो खावाच.

वाचणाऱ्या वैष्णवीचे व ऐकणाऱ्या आईचे आभार.

आपला आज्ञाधारक, आजचा दिवस वगळून,
बब्रुवान