मुद्दाम घातलेल्या गाठी

टेमघर, भिवंडी
८ जानेवारी २००५

ती. सौ. चंद्राआत्यास,
क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोन बाबांच्या खुर्चीला चिकटून आहे आणि मला सांगायचंय ते बाबांबद्दलच, म्हणून हा पोस्टाचा आडमार्ग.

दिवाळीत तुझ्याकडे गणेशपुरीला आले होते, तेव्हा आश्रमातल्या एल्साबाईंनी तुझ्या दुकानाच्या बाकावर बसून मला टकळी शिकवली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. टकळी हवेत गरगरत खाली जाते, कापसाच्या पेळूतून धागा सुटतो, मध्येच बोटं जरा सैल सोडली की कापूस जाड येतो आणि त्याला पीळ बसला की छान गुबगुबीत गाठ होते. आपल्या लूमखाली पडलेले रंगीत धाग्यांचे तुकडेसुद्धा मी त्यात गुंफते. एका लडीत गुलाबी गाठी आहेत, एकीत हळदी. एल्साबाई अशा सुताचे भिंतीवर टांगायचे पडदे विणतात. गाठ जितकी वेडीवाकडी तितकी त्या खूश.

बाबा मात्र जितके नाखूश व्हावेत तितके झाले. आयुष्यभर लूम चालवलेला माणूस! त्यांनी माझी पहिली लडी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरतात तशी, आणि म्हणाले की ह्ये सूत न्हाय, गांडुळांची माळ हाय. केसरीनाथच्या घरात गाठीचं सूत निघतं हे बाजारात कळलं तर कापडवाले उंबरा चढायचे नाहीत म्हणे. मी जिथे कातत बसते त्या माळ्यावर त्यांना आणखी लूम बसवायचे आहेत. खूप भांडले, तेव्हा एक अट घातली. एक तरी माणूस आपण होऊन आपल्या दारात आला आणि त्यानं हे सूत मागितलं, तर माळा माझा. नाहीतर लूम माळ्यावर आणि टकळी चुलीत.

एल्साबाई फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मायदेशी जाणार आहेत. त्याआधी त्यांना आमच्या दारात आण. माझा सगळा जीव त्या माळ्यात आहे गं.

तुझीच,
क्षितिजा


गणेशपुरी
१४ जानेवारी २००५

चि. क्षितिजास अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीचे तिळगूळ सोबत पाठवते आहे. पोस्टमननं वाटेत खाल्ले नसतील तर गोड बोल, विशेषतः बापाशी.

तू लहानपणी बोलायला लागलीस की थांबायची नाहीस, तेव्हा तुझी आई म्हणायची की पोरीच्या तोंडाची टकळी कुणीतरी काढून घ्या. आता ती हातात आली, हे बरंच झालं. एल्साबाईंना मी सांगितलं आहे. त्या तीस तारखेला, रविवारी तुमच्याकडे येतील. त्यांना आपली भाषा येत नाही आणि मला त्यांची येत नाही, पण गाठ हा शब्द त्यांनी चांगला पाठ केलाय. परवा गिऱ्हाइकांसमोर मला मिठी मारून 'गाठ, गाठ' म्हणाल्या. त्यातली एक बाई बिचारी, मला अंगात गाठ झाली समजून, वैद्याचा पत्ता सांगायला लागली.

केसरीला मी तो आईच्या कडेवर असल्यापासून ओळखते. तो सुतासारखा सरळ आहे, तोच त्याचा वांधा आहे. त्याचा राग करू नकोस. त्याच्या मनात काही शिजत असेल तर बाहेर धूरसुद्धा येत नाही. तेवढं लक्ष असू दे.

तुझी आत्या,
चंद्रा


टेमघर
२७ जानेवारी २००५

ती. सौ. ताईस,
केसरीनाथचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण ही गोष्ट फोनवर बोललो तर पोरगी ऐकेल.

तुमची ती गोरी बाई रविवारी येणार असं कळलं. मी अट घातली खरी, पण पोरीचं तोंड बघवेना. जेवताना बोलत नाही. एवढी बडबडी पोर आणि नुसती आमटीकडे बघत बसते. म्हटलं, उद्या ती बाई सूत बघेल, नाक मुरडेल आणि पोरगी माझ्या देखत रडेल. बापानं ते बघत बसायचं का?

म्हणून मी एक काम केलं. क्षितिजा तिच्या मैत्रिणीच्या लग्नाला खारबावला गेली आहे, शनिवारी संध्याकाळी येईल. मी तिच्या सगळ्या लड्या खाली आणल्या, चष्मा लावला, कात्री घेतली आणि स्वतः बसून एकूण एक गाठ काढली. कामाच्या माणसाला हात लावू दिला नाही. गाठ कापायची आणि दोन्ही टोकं आपल्या विणकरी गाठीनं जोडायची. ती इतकी बारीक बसते की माझी मलाच सापडत नाही. बोटं सोलली, पण सूत आता असं झालंय की थेट लूमवर चढवावं. हात फिरवला तर कुठे अडकत नाही. लड्या पुन्हा नीट बांधून कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत.

पोरीला काही सांगू नकोस. तिला वाटू दे की तिच्याच हातचं आहे. बाई खूश झाली की माळा देऊन टाकीन. लूमचं पुढे बघू.

तुझा,
केसरी


गणेशपुरी
३१ जानेवारी २००५

केसरी,

आशीर्वाद नंतर देईन. तुझं पत्र आज पोचलं आणि बाई काल येऊन गेली. अरे शहाण्या, तिला त्या गाठीच तर हव्या होत्या! पोरीनं त्या एकेक मुद्दाम घातल्या होत्या. तुला कुणी सांगितली होती ही समाजसेवा? आणि गाठी काढायला पुन्हा गाठीच मारल्यास ना? लगेच कळव काय झालं ते. माझा घास खाली उतरत नाही.

चंद्रा


टेमघर
३१ जानेवारी २००५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न.

काल काय झालं ते ऐकून तू हसशील की रडशील, सांगता येत नाही. मी दोन्ही केलं.

एल्साबाई आल्या. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे! त्यांनीच लड्या पुढे मांडल्या, कागद सोडला, आणि आत्या, बघते तर काय! सगळं सूत सपाट. गुलाबी नाही, हळदी नाही, एक गाठ नाही. एल्साबाई लडी उलटी करून बघतात, सुलटी करून बघतात, कागदाच्या आत बघतात. शेवटी मोडक्या हिंदीत म्हणाल्या की असं सूत तर भिवंडीत ट्रकानं मिळतं. बाबांना ते इतकं मोठं कौतुक वाटलं की ते नम्रपणे म्हणाले, आपलीच कृपा हाय.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबा मागून आले आणि म्हणाले की गाठी मीच काढल्या, आता रडतेस कशाला. मी सांगितलं की त्या गाठी मी जपून, ठरवून घातल्या होत्या. ते पाटावर बसले. त्यांनी विचारलं की मुद्दाम? पुन्हा विचारलं की खरंच मुद्दाम? मला ओरडायचं होतं, पण त्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या बघितल्या. सोललेल्या बोटांच्या माणसावर कसं ओरडायचं?

मग त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. लूमवाला काही फेकतो का? सगळ्या गाठी त्यात! एल्साबाईंनी डब्यात हात घातला, एक गुलाबी गाठ उचलून कुडीसारखी कानाला लावून बघितली आणि त्या एवढ्या हसल्या की आई बाहेर आली. त्यांचं तिकीट पुढच्या रविवारचं आहे, शनिवारी पुन्हा येतील. तोवर मी त्या गाठी नव्या सुतात कातून घालायच्या.

पण माळा अजून मिळालेला नाही. बाबा म्हणाले की बाईनं डबा मागितला, सूत नाही. अट ती अट. सुतासारखे सरळ! आणि आत्या, आज मला मदत करायला म्हणून त्यांनी स्वतः टकळी हातात घेतली. त्यांना गाठ घालताच येत नाही! किती सैल सोडलं तरी धागा मशीनसारखा सरळ येतो. घामाघूम झाले आहेत.

तुझी,
क्षितिजा


टेमघर
६ फेब्रुवारी २००५

ती. सौ. ताईस,
केसरीनाथचा सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. शिव्या पोचल्या, त्या रास्त आहेत.

बाई काल आल्या. दारात उभ्या राहूनच त्यांनी हात पुढे केला आणि आपल्या मराठीत म्हणाल्या, गाठ सूत द्या. मी स्वतः ऐकलं. अट पुरी झाली. माळ्याची किल्ली पोरीच्या हातात दिली. नवे लूम विकणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. त्यानं कारण विचारलं, तेव्हा म्हटलं की आमच्याकडे वर गाठी घालायचं काम चालतं. तो समजला नाही. मी तरी कुठे पुरता समजलोय.

सगळ्या लड्या त्यांनी घेतल्या. पण त्यात एक लहानशी माझी होती, तीच त्यांना सर्वात आवडली, आणि ती मी दिली नाही. त्याचं असं झालं. शुक्रवारी मी टकळी घेऊन बसलो होतो. गाठ काही पडेना. क्षितिजा म्हणाली, बाबा, हाताकडे बघू नका, माझ्याशी काहीतरी बोला. मी काय बोलणार? मग पहिला लूम बैलगाडीतून आणला आणि बैल वाटेतच बसला ती गोष्ट सांगायला लागलो. तू त्याला चिंचेचा पाला चारलास, तेही सांगितलं. ताई, माझ्या तोंडाची टकळी कधी फिरली होती? पण तेव्हा फिरली. पोर पोट धरून हसली, मीही हसलो, आणि हात सैल सुटला. खाली बघतो तर गाठ. चांगली बोराएवढी.

त्या लडीचा तुकडा सोबत पाठवत आहे. त्यातली गाठ माझी आहे. तुला सवय नाही म्हणून सांगतो, ती काढू नकोस.

लोभ आहेच, तो आता गाठींसकट असू दे.

तुझा,
केसरी