मलम आधी, मार नंतर

४ जानेवारी, रविवार

दादासोबत मोबाईल गेमच्या चार मॅच. तीन जिंकल्या, एक हारलो. शेवटच्या मॅचमध्ये राक्षसाचा हातोडा सरळ दादाच्या टाळक्यात. ढाल उठलीच नाही. "नेट लॅग मारून राहिलं बे," दादा म्हणे. त्याच्या बुटीबोरीचं नेट तसंच आहे, मीही म्हटलं.

नवीन सीझनची नोटीस आली. जोडीतल्या दोघांनी ३१ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत आपापला गडी निवडायचा. एकदा लॉक झाला की तीन महिने बदल नाही. दादाचं ठरलेलंच. ढाल त्याची, मलम माझं. तो पुढं उभा राहून मार खाणार, मी मागून जखमा भरणार. आठ वर्षं हेच चाललं आहे, त्याच्या लग्नापासून. मी म्हटलं, या वेळी मी तिरंदाज घेऊ का? "कायले? चांगली चाललेली गाडी कायले बिघडवतं वं पोट्टे?"

चाललेली गाडी. हं.

७ जाने., बुध.

सकाळी साडेसात ते साडेआठ खेळलो. दादाची या महिन्यात दोनची शिफ्ट, माझी ड्युटी अकराला, त्यामुळे सकाळ मोकळी. फोन लागला की तो म्हणणार "जय भीम, मलम", मी म्हणणार "जय भीम, ढाल", मग सुरू.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवते, कोणाले सांगायची हिंमत नाही. मी मलम मार बसायच्या आधी देऊन राहिली आहे. हातोडा वर गेला की दादा मोजते: एक, दो, तीन. दोनवर ढाल उठायला पाहिजे, तीनवर मी मलम द्यायचं. आता मी एकवरच देते. कारण ढाल दोनवर उठत नाही, अन् मलम आधी लागलं असलं की पूर्ण मार बसूनही तो मरत नाही. कधीपासून? बहुतेक दसऱ्यापासून. हात आपोआप शिकला. मला वाटलं मी लय हुशार झाली.

११ जाने., रवि.

जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. मागच्या वर्षीचा तोच राक्षस, तोच हातोडा, ढाल दोनवर. या रविवारची मॅच लावली, ढाल तीनच्याही पुढं. पाच वेळा पाहिलं. आई म्हणे, "काय वं, ते मोबाईलमध्ये मुंडकं घालून बसली, भाजी करपली ना."

मी दवाखान्यात ईसीजी काढते. दिवसभर कागदावरच्या पट्टीत दोन ठोक्यांमधलं अंतर पाहणं हेच माझं काम. अन् घरच्या माणसाचं दिसलं नाही. नाही, दिसलं होतं. झाकलं.

नेट असेल. नेटच असू दे.

१४ जाने., बुध.

संक्रांत, दोघांलेही सुट्टी. दादा-वहिनी आले होते. गच्चीवर सगळी वस्ती पतंगीसाठी. दादाचा पेच म्हणजे आमच्या गल्लीत शेवटचा शब्द. आज दोन ढील दिल्या अन् चक्री माझ्या हातात. "तू उडव. खांदा दुखून राहिला." दादानं पतंग सोडली! शेजारचा पोट्टा कापून गेला तरी शिवी नाही दिली.

दुपारी दोघं एकाच खोलीत, एकाच वायफायवर बसलो. मुद्दाम बसवलं मी. ढाल तीनवर. शेजारी बसून त्याचा अंगठा पाहिला. अंगठा बटणावर पोचायच्या आधी थांबते. थरथरते थोडा, मग जाते. म्हणजे नेट नाही.

वहिनी भांडी पुसता पुसता हळूच म्हणे, "शर्टाच्या गुंड्या डाव्या हातानं लावून राहिले ते. पाण्याचा गिलास दोन्ही हातानं धरतेत. मी सांगतलं असं म्हणजो नोको हं."

दादा कंपनीत क्रेन चालवते. वर केबिनमध्ये तो, खाली हूकाजवळ माणसं.

१६ जाने., शुक्र.

विचारलं. साधंच. "दादा, तो हात एकदा दाखवून घे ना. आमच्याकडं नसांचे डॉक्टर बसतेत."

"कोण बोललं तुले? तुह्या वहिनीनं?"

"मला दिसते ना. ढाल उशिरा उठून राहिली."

"अठरा वर्षं झाले क्रेनवर. एक ओरखडा नाही कोणाले! अन् तू गेमवरून डॉक्टर झाली का? डॉक्टरचा कागद एकदा कंपनीत गेला की मले खाली स्टोअरमध्ये बसवतीन. जिंदगीभर नटबोल्ट मोजत बसू?"

फोन कट. मी पण रागात फोन गादीवर फेकला. मग उचलला, कारण फुटला असता तर काय.

१८ जाने., रवि.

काही झालंच नाही अशा आवाजात "जय भीम, मलम". मीही तशीच.

मॅचनंतर जोडीचं काढलं. म्हटलं, या सीझनला तू मलम घे, मी ढाल घेते. मलमाचं काम सबुरीचं. मंत्र लांब, बटणं कमी, डोकं जास्त. तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. खरं तेच सांगितलं, अर्धं.

"मी मागं उभा राहू? तुह्या पाठीमागं? लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक? अख्ख्या गेममध्ये आपल्याले ओळखते कोण?"

"मी ओळखतो ना मले."

तो जिद्दी, मी पण काही कमी नाही. ३१ ला बघू म्हटलं.

२१ जाने., बुध.

वहिनीचा फोन दवाखान्यात आला. ड्युटीच्या वेळी ती कधीच करत नाही. काल कंपनीत दादा क्रेननं लोखंडाचा गठ्ठा उतरवत होता, गठ्ठ्यानं झोका खाल्ला. खाली उभा असलेला माणूस वेळेवर बाजूले उडी मारून वाचला. दादानं सुपरवायझरले ब्रेकचं कारण सांगितलं. घरी येऊन जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून पडला.

"ब्रेकच असन ना वं?" वहिनी विचारून राहिली होती. मी म्हटलं, असेल. खोटारडी कुठची मी.

तिथं माझं मलम नाही. तिथं हातोडा पडला की पडला. आणि दादाले वाटते आपला हात ठीक आहे, कारण रोज सकाळी एक तास त्याचा हात ठीक असते. तो ठीक मी ठेवते. चार महिने त्याले रोज पास करून राहिली मी. हे मी केलं, दुसऱ्या कोणी नाही.

२५ जाने., रवि.

आज केलं.

फोन लागायच्या आधी ठरवलं होतं, तीनच्या आधी मलम द्यायचं नाही. नियमाप्रमाणे. एक, दो, तीन.

सात वेळा मेला. सात! पहिल्या तीनदा नेटले शिव्या. चौथ्याले मला. "काय करून राहिली वं? झोपली का?"

"नाही. तुझी ढाल उठायची वाट पाहून राहिली."

पुढच्या तीन मॅच तो नुसता खेळला अन् मेला. माझ्या डोळ्यांतून पाणी, बटणं दिसेनात. सातव्यांदा पडला तेव्हा म्हणे, "आधी असं होत नव्हतं."

"आधी मी एकवर देत होती."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

मागं त्याच्या घरचा कुकर वाजला. मग म्हणे, "दसऱ्यापासून. अन् मले आता सांगून राहिली. मले वाटलं मी खेळून राहिलो. खेळत तर तू एकटी होती."

"दादा, मला वाटलं…"

"ठेव फोन."

२८ जाने., बुध.

तीन सकाळी फोन नाही. मी साडेसातला गेम उघडून बसते. त्याच्या नावापुढं दिवा लाल, म्हणजे तो गेममध्ये आलाच नाही.

आई विचारते, भांडले का रे तुम्ही? सांगितलं, सीझन संपून राहिला, आराम आहे. आईले आपलं असंच काहीतरी सांगून टाकलं. परत झाकलं.

३० जाने., शुक्र.

सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतली नसांच्या डॉक्टरांकडं. दादाले मेसेज टाकला. निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला, उत्तर नाही.

एक विचार दोन दिवसांपासून. कंपनीत मीच फोन करून सांगू का? खाली उभं राहणाऱ्या माणसाले पण घरी कोणी असेल. नंबर काढला. लावला नाही. भाऊ आहे माझा. पण तो दुसराही कोणाचा तरी असेल ना! सोमवारी नाही आला तर लावणार. लिहून ठेवते म्हणजे पलटणार नाही.

३१ जाने., शनि.

साडेपाचले दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी ढाल लॉक केली. त्याले न विचारता. त्यानंही ढाल घेतली तर दोन ढाली, मलम कोणाकडंच नाही, सीझन पहिल्या दिवशी खलास. असू दे खलास. मागं उभं राहून झाकायचं काम मी करणार नाही.

सहाले दहा कमी, स्क्रीनवर त्याच्या निवडीचा चौकोन रिकामा. सहाले पाच, रिकामा. तो तर ड्युटीवर, वर केबिनमध्ये. केबिनमध्ये मोबाईल चालत नाही. दादा, आत्ता मोबाईल काढू नको रे, हूकाकडं बघ.

सहाले दोन कमी, चौकोन भरला.

मलम.

सोबत त्याचा मेसेज: "चहाची सुट्टी आहे. टेन्शन घेऊ नको." जिन्यातच बसून रडली. नर्सनं विचारलं कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, जिंकलो.

१ फेब्रु., रवि.

"जय भीम, ढाल." त्याच्या तोंडून हे ऐकायले कसंतरीच झालं. "जय भीम, मलम."

पहिल्यांदा पुढं उभी राहिली. आठ वर्षं मागून हातोडा पाहिला, समोरून वेगळाच मोठा दिसते. दोनवर ढाल उचलली, तरी निम्मा मार लागला. तीनवर मलम यायले पाहिजे. आलं नाही. "दे ना दादा, दे ना!" आलं तेव्हा मी पडली होती.

"उशीर झाला," तो म्हणे.

"हो."

"किती?"

"रेकॉर्डिंग आहे. तूच मोज."

त्यानं फोन चालू ठेवून मोजलं. दोनदा, तोंडानं, मला ऐकू येत होतं. एक, दो, तीन, अन् थांबला. मग परत पहिल्यापासून.

नंतर मी विचारलं, उद्या दहाले ना?

"उद्या शिफ्ट दोनची आहे."

म्हणजे येणार की नाही? विचारलं नाही.

२ फेब्रु., सोम.

डायरी पर्समध्ये घालून आणली. ओपीडीच्या बाकावर बसून लिहून राहिली. सुट्टी टाकली. केसपेपर तयार केला, दादाच्या नावाचा, माझ्याच अक्षरात.

नऊ वाजता वहिनीचा फोन. आठलाच निघाला. कंपनीचा शर्ट, डब्बा, हेल्मेट, सगळं घेऊन. दोनच्या शिफ्टले आठले कोण निघते? "इकडं आले का कंपनीतच बसले जाऊन, मले काही सांगतलं नाही. चेहरा पाहून विचारवत नव्हतं." त्याचा फोन बंद.

गेम उघडून पाहिला. दिवा लाल.

दहा वाजून गेले. आमचा कंपाउंडर ओळखीचा. दारात येऊन दादाचं नाव पुकारलं, मग माझ्याकडं पाहून, "मॅडम, आले का भाऊ?"

जिभेवर होतं: आलाच, खाली गाडी लावून राहिला, दोन मिनिटं. एवढं सोपं होतं. तो थांबलाही असता माझ्या शब्दावर.

म्हटलं, "अजून आला नाही. पुढच्याले घ्या."

दुसऱ्यांदा पुकारतील साडेदहाले. कंपनीचा नंबर मोबाईलवर काढून ठेवला आहे, अन् बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली आहे.